यंत्र पक्कं, बॅटरी अर्धी: एका रिफर्बिश्ड लॅपटॉपचा रिव्ह्यू

आधी निकाल सांगते, कारण रिव्ह्यू उघडणाऱ्याला तोच हवा असतो. हा रिफर्बिश्ड, म्हणजे आधी वापरलेला आणि ठीकठाक करून पुन्हा विकलेला लॅपटॉप घेण्यासारखा आहे आणि मी तो ठेवून घेतला. विक्रेत्याला मात्र पाचपैकी तीनच तारे देईन. वस्तूच्या माहितीत त्यांनी रॅम, डिस्क, पडद्याची अवस्था, अगदी झाकणावरचा बारीक ओरखडासुद्धा फोटोसकट दाखवला होता. बॅटरीबद्दल लिहिलं होतं फक्त 'तपासलेली, चालू'. खरेदीआधी मी मुद्दाम विचारलं, तर उत्तर तेच आलं, फक्त 'मॅडम' एवढा शब्द जोडून.

मी मुद्रितशोधन करते. एका बाजूला पीडीएफ, दुसऱ्या बाजूला वर्डची फाइल, मागे ब्राउझरमध्ये शब्दकोश आणि संदर्भाची पानं, असं काम तासन्‌तास चालतं. बराच वेळ ग्रंथालयात बसते आणि तिथे प्लगजवळची जागा मिळेलच याचा भरवसा नसतो. त्यामुळे लॅपटॉपकडून मला दोनच गोष्टी मनापासून हव्या असतात: बोटांना न थकवणारा कीबोर्ड आणि अर्धा दिवस टिकणारी बॅटरी. प्रोसेसर एक पिढी जुना असला तरी जोडाक्षर तेवढ्याच वेगात उमटतं.

यंत्राबद्दल थोडक्यात. १४ इंची पडदा, इंटेलचा आठव्या पिढीचा आय-फाइव्ह प्रोसेसर, १६ जीबी रॅम, ५१२ जीबीची एसएसडी. मूळचा हा कंपन्यांसाठी बनवलेल्या वर्गातला लॅपटॉप आहे आणि तो वर्ग हातात घेताक्षणी कळतो. बिजागरी घट्ट, कीबोर्डच्या पट्ट्या खोल दाबल्या जाणाऱ्या, खालचं झाकण नेहमीच्या स्क्रूंनी बसवलेलं, आत रॅम आणि डिस्क बदलता येण्याजोगी. घरगुती वापरासाठी विकल्या जाणाऱ्या नव्या स्वस्त लॅपटॉपपेक्षा मी हा कधीही पसंत करीन. आठवी पिढी मी जाणूनबुजून निवडली. विंडोज १० चा नियमित आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला आणि विंडोज ११ अधिकृतपणे इंटेलच्या आठव्या पिढीपासून पुढे चालतं. त्याहून जुनं यंत्र कितीही चकचकीत असलं तरी विंडोज वापरणाऱ्याने आता विचार करूनच घ्यावं. लिनक्स वापरणाऱ्यांची गोष्ट वेगळी.

आता बॅटरी.

शंभर टक्के चार्ज करून कामाला बसले, तर अडीच तास होण्याच्या आतच लॅपटॉप बंद पडला. कमी वेळाहून मला जास्त खटकलं ते वेगळंच. पडद्यावर १८ टक्के चार्ज दिसत होता, 'बॅटरी कमी आहे' अशी सूचनाही आली नव्हती, आणि यंत्र एकदम गेलं. हे दमलेल्या लिथियम-आयन बॅटरीचं नेमकं लक्षण आहे. सेल जुने झाले की त्यांचा अंतर्गत रोध वाढतो. हलकं काम चालू असेपर्यंत सगळं ठीक भासतं, पण ब्राउझरने एखादं जड पान उघडलं आणि प्रोसेसरने अचानक जास्त वीज ओढली की सेलचं व्होल्टेज झपकन खाली येतं. ते ठरावीक मर्यादेखाली गेलं की संरक्षक सर्किट पुरवठाच तोडतं. आकडा १८ दाखवो नाहीतर २५, त्याचा उपयोग नसतो.

अंदाज करत बसण्यापेक्षा अहवाल काढणं सोपं आहे आणि त्यासाठी कुठलंही सॉफ्टवेअर विकत घ्यावं लागत नाही. विंडोजमध्ये कमांड प्रॉम्प्ट उघडून 'पॉवरसीएफजी' ही आज्ञा 'बॅटरीरिपोर्ट' या पर्यायासह चालवली की एक पान तयार होतं आणि ते ब्राउझरमध्ये उघडता येतं. त्यात खूप तक्ते असतात, पण पहिल्यांदा दोनच ओळी बघायच्या: डिझाइन कपॅसिटी आणि फुल चार्ज कपॅसिटी. पहिली म्हणजे बॅटरी नवी असताना तिच्यात किती ऊर्जा मावणं अपेक्षित होतं, दुसरी म्हणजे आज पूर्ण भरल्यावर किती मावते. माझ्या यंत्राची डिझाइन कपॅसिटी ५०,०४० मिलीवॉट-तास होती आणि फुल चार्ज २७,६००. म्हणजे ५५ टक्के. मॅकवर सेटिंग्जमध्ये बॅटरी हेल्थ दिसते आणि सिस्टिम इन्फर्मेशनमध्ये सायकल काउंट मिळतो; लिनक्सवर 'यूपॉवर' हेच दोन आकडे देतो.

त्याच अहवालात तिसरी एक ओळ असते, सायकल काउंटची. एक सायकल म्हणजे एकूण १०० टक्के वापर. आज ६० टक्के आणि उद्या ४० टक्के वापरलं, तर मिळून एक. लॅपटॉपच्या साध्या बॅटऱ्या साधारण ३०० ते ५०० सायकलींनंतर मूळ क्षमतेच्या ८० टक्क्यांच्या आसपास येतात असं धरतात. ॲपल आपल्या अलीकडच्या मॅकबुकसाठी १,००० सायकलींची मर्यादा सांगतं. माझ्या बॅटरीचा आकडा होता १४३. दीडशेसुद्धा सायकली नाहीत आणि क्षमता अर्ध्यावर! सुरुवातीला हा मेळ मलाही लागेना.

याचं कारण ऑफिसातल्या वापरात आहे आणि रिफर्बिश्ड यंत्र घेणाऱ्या प्रत्येकाने ते समजून घ्यावं असं मला फार वाटतं. कंपनीचा लॅपटॉप बहुतेक काळ टेबलावर, डॉकिंग स्टेशनला, म्हणजे वीज, मॉनिटर, कीबोर्ड एकत्र पुरवणाऱ्या खोक्याला जोडलेला असतो. बॅटरी वापरलीच जात नाही, म्हणून सायकली वाढत नाहीत. पण ती वर्षानुवर्षं १०० टक्क्यांवर भरलेली राहते, आणि तीही गरम होणाऱ्या प्रोसेसरच्या शेजारी. लिथियम-आयन सेल पूर्ण भरलेला असतो तेव्हा त्याचं व्होल्टेज ४.२ किंवा त्याहून थोडं वर असतं आणि त्या अवस्थेत आतल्या नकोशा रासायनिक क्रिया जोरात चालतात. इलेक्ट्रोडवरचा थर जाड होत जातो, ये-जा करणारं लिथियम त्यात अडकून पडतं, आणि उष्णता या सगळ्याला वेग देते. ताणून ठेवलेलं रबर न वापरताही सैल पडतं, तसंच हे. म्हणून 'सायकल काउंट फक्त १४३' हे वाक्य विक्रेता अभिमानाने सांगेल तेव्हा त्याला विचारा, की फुल चार्ज कपॅसिटी किती? ग्रंथालयात बसल्यावर किती तास मिळणार, ते त्या आकड्यावर ठरतं.

'ग्रेड ए'बद्दलही इथेच लिहिते. माझ्या यंत्रावर ती चिकटपट्टी होती. विक्रेत्यांच्या पानांवर या ग्रेडचा खुलासा वाचला तर दिसतं, की ती मुख्यतः दिसण्याची प्रत असते: ओरखडे किती, पडद्यावर डाग आहेत का, पट्ट्यांवरची अक्षरं पुसली आहेत का. बॅटरीसाठी काही विक्रेते किमान टक्केवारीची वेगळी हमी देतात, बरेच जण देत नाहीत. माझ्या विक्रेत्याच्या वॉरंटीत बॅटरी आणि चार्जर 'झिजणारे भाग' म्हणून वगळलेले होते. तसं वगळण्यावर माझा आक्षेप नाही. जो भाग हमीतून वगळता, त्याची आजची अवस्था विकताना सांगायला हवी, एवढाच माझा मुद्दा आहे.

विक्रेत्याशी झालेला पत्रव्यवहार मी इतरांच्या उपयोगासाठी सांगते. पहिल्या ईमेलमध्ये 'बॅटरी फार लवकर संपते' असं लिहिलं. उत्तरात ब्राइटनेस कमी करा, बॅटरी सेव्हर लावा, विंडोज अपडेट करा अशी नेहमीची यादी आली. दुसऱ्या ईमेलला बॅटरी अहवालाचं पान जोडलं आणि लिहिलं की क्षमता मूळच्या ५५ टक्के आहे, १८ टक्के दिसत असताना यंत्र बंद पडतं, आणि 'तपासलेली' या शब्दाचा अर्थ मला कळवावा. त्यावर सूर बदलला. फोन आला, बोलणारा माणूस सभ्य होता. त्याने सरळ सांगितलं, की त्यांच्याकडे 'तपासलेली' म्हणजे चार्जर लावल्यावर बॅटरी चार्ज होते आणि चार्जर काढल्यावर लॅपटॉप चालू राहतो, इतकंच. संपूर्ण यंत्र परत, दुसऱ्या कंपनीने बनवलेली कंपॅटिबल बॅटरी, किंवा बॅटरीपुरती रक्कम परत, असे तीन पर्याय त्याने दिले. मी रक्कम घेतली आणि ती लवकर मिळालीही. तीन तारे त्यासाठी आहेत. कापलेले दोन पहिल्या उत्तरासाठी आणि विकतानाच्या मोघम शब्दांसाठी.

नवी बॅटरी येईपर्यंत जुन्यावरच काम भागवायचं होतं, तेव्हा यंत्र किती वीज खातं ते मोजायला घेतलं. एचडब्ल्यूइन्फो नावाचं मोफत साधन चार्जर काढलेला असताना बॅटरीतून किती वॉट जाताहेत ते दाखवतं. हा एक आकडा समोर असला की इंटरनेटवरचे शंभर सल्ले पारखून घेता येतात. माझ्या नेहमीच्या कामात हा आकडा ११ वॉटच्या आसपास होता. २७,६०० मिलीवॉट-तासांना, म्हणजे २७.६ वॉट-तासाला ११ ने भागा, अडीच तास. हिशेब जुळला.

सगळ्यात मोठा वाटा पडद्याचा निघाला. ब्राइटनेस पूर्णवरून निम्म्यावर आणल्यावर दोन वॉटहून जास्त वाचले, आणि घरात बसून पांढऱ्या पानावर काम करताना निम्मा ब्राइटनेस डोळ्यांनाही बरा. दुसरा वाटा ब्राउझरचा. न वापरलेल्या टॅब झोपवण्याची सोय आता बहुतेक ब्राउझरमध्ये असते. ती चालू केली. व्हिडिओ हा मात्र वेगळाच विषय आहे. आठव्या पिढीचा प्रोसेसर व्हीपी-नाइन आणि एच-२६४ प्रकारचे व्हिडिओ आपल्या खास सर्किटवर उलगडतो, पण एव्ही-वन प्रकारासाठी ते सर्किट त्याच्यात नाही. इंटेलने ते अकराव्या पिढीपासून दिलं. त्यामुळे एखाद्या संकेतस्थळाने एव्ही-वनमध्ये व्हिडिओ पाठवला की सगळं ओझं प्रोसेसरवर पडतं, पंखा घोंघावायला लागतो आणि वॉटचा आकडा दुप्पट होतो. एव्ही-वन बंद करणारं एक्स्टेन्शन ब्राउझरमध्ये टाकलं आणि व्याख्यानं ऐकताना पंखा शांत झाला. जुन्या लॅपटॉपसाठी याहून सोपी बचत मला अजून सापडलेली नाही.

पंखाही साफ केला. मागचं झाकण उघडलं तर आतल्या जाळीवर धुळीचा थर होता, म्हणजे 'रिफर्बिश' करताना बाहेरून पुसणं झालं होतं, आतून नाही. प्रोसेसरची उष्णता बाहेर वाहून नेणारी थर्मल पेस्ट वाळली होती, ती बदलली. यामुळे वीज फार वाचली असं म्हणणार नाही, पण तळ गरम होणं स्पष्ट कमी झालं, आणि नव्या बॅटरीच्या आयुष्यासाठी ते महत्त्वाचं आहे.

झोपेचं प्रकरणही बघावं लागलं. लॅपटॉप रात्री झाकण लावून ठेवला तर सकाळी बरीच बॅटरी गेलेली असायची. 'मॉडर्न स्टँडबाय' या पद्धतीत यंत्र पूर्ण झोपत नाही, फोनसारखं अधूनमधून जागं होतं. काही व्यावसायिक लॅपटॉपच्या बायोसमध्ये, म्हणजे विंडोज सुरू होण्याआधीच्या मूळ सेटिंग्जमध्ये जुनी, गाढ झोपेची पद्धत निवडता येते. माझ्यात तो पर्याय नव्हता, म्हणून झाकण लावलं की हायबरनेट व्हावं, म्हणजे उघडं काम डिस्कवर साठवून यंत्र बंद व्हावं, असं ठरवून दिलं. सुरू व्हायला थोडा जास्त वेळ लागतो, तो मला चालतो.

एवढं केल्यावर विजेचा खप ७ वॉटवर आला. कागदावर जवळजवळ चार तास, पण १८ टक्क्यांवरचा तो खड्डा होताच, म्हणून प्रत्यक्षात सव्वातीन. सेटिंग्ज बदलून वीज वाचते, झिजलेला सेल भरून येत नाही. 'बॅटरी पूर्ण संपवून पुन्हा पूर्ण भरा, ठीक होईल' हा सल्लाही मला बऱ्याच जणांनी दिला. त्याने फक्त मोजमाप सुधारतं: बॅटरीतली चिप किती ऊर्जा उरली याचा अंदाज बांधत असते, तो अंदाज ताळ्यावर येतो. गेलेली क्षमता परत येत नाही, आणि हा उपाय वारंवार केला तर उलट झीजच होते.

नवी बॅटरी निवडताना दोन वाटा होत्या: लॅपटॉप बनवणाऱ्याचा मूळ भाग, किंवा दुसऱ्या कुणी बनवलेली कंपॅटिबल. कंपॅटिबल बॅटऱ्या सगळ्याच वाईट असतात असं अजिबात नाही. पण वर छापलेली क्षमता खरी आहे का, संरक्षक सर्किट धड आहे का, हे बाहेरून कळत नाही. आयईसी ६२१३३ सारख्या सुरक्षा मानकाचा छाप असला तरी तो खरा असल्याची खात्री विकणाऱ्यावर अवलंबून. शिवाय काही लॅपटॉप अनोळखी बॅटरी दिसली की तक्रार करतात किंवा चार्जिंगच नाकारतात. मी अधिकृत सुट्या भागांच्या विक्रेत्याकडून मूळ बॅटरी घेतली. मागवताना मॉडेलचं नाव पुरत नाही. एकाच मॉडेलमध्ये वेगवेगळ्या आकाराच्या बॅटऱ्या बसवलेल्या असतात, म्हणून झाकण उघडून जुन्या बॅटरीवरचा पार्ट नंबर जुळवला.

आली तेव्हा ती थोडीच भरलेली होती. त्यात काही खोट नाही. सुटी लिथियम-आयन बॅटरी विमानाने पाठवताना ती ३० टक्क्यांहून जास्त भरलेली नसावी असा नियम २०१६ पासून आहे. बसवणं सोपं निघालं. यंत्र बंद, चार्जर काढलेला, बायोसमध्ये आतली बॅटरी तात्पुरती तोडण्याचा पर्याय होता तो वापरला, मग झाकण. स्क्रू कमी-जास्त लांबीचे असतात, ते ज्या जागचे त्या क्रमाने कागदावर मांडून ठेवावेत. लांब स्क्रू चुकीच्या भोकात पिळला तर खालचा बोर्ड दुखावतो. जोडणीचा प्लग वायरीला धरून ओढू नये, प्लास्टिकच्या पातीने हलकेच सरकवावा.

नव्या बॅटरीचा अहवाल: फुल चार्ज ४९,१०० मिलीवॉट-तास. माझ्या ७ वॉटच्या हिशेबाने सात तास, आणि तेवढे मिळतातही. पण रोज मी तेवढे घेत नाही. बायोसमध्ये चार्जिंगची वरची मर्यादा ८० टक्के लावली आहे, म्हणजे प्लगला जोडून काम करताना बॅटरी पूर्ण भरून तापत राहत नाही. ८० टक्क्यांवरही साडेपाच तास होतात. दिवसभर बाहेर जायचं असेल तर आदल्या रात्री मर्यादा काढते. जिने पहिली बॅटरी संपवली ती सवय दुसरीला लावायची नाही, एवढं मी पक्कं ठरवलं आहे.

चार्जरबद्दल एक तक्रार राहिली. यंत्राचा मूळ चार्जर ६५ वॉटचा, खोक्यात मिळाला ४५ चा. चार्ज होतं, पण जड काम चालू असताना फारच हळू. घेताना हेही विचारून घ्यावं.

सुरक्षिततेचं मात्र कुणीही हलक्यात घेऊ नये. जुनी बॅटरी फुगली तर टचपॅड दाबला जात नाही, तळ टेबलावर डुगडुगतो, झाकण नीट बसत नाही. असं दिसलं तर चार्जर काढा, यंत्र बंद करा आणि वापरू नका. फुगलेला सेल टोचू नये, दाबू नये, कचऱ्याच्या डब्यात टाकू नये. माझी जुनी बॅटरी फुगलेली नव्हती, तरी तिच्या जोडणीच्या टोकांवर चिकटपट्टी लावून ती ई-कचरा गोळा करणाऱ्यांकडे दिली.

हा लॅपटॉप कुणी घ्यावा? ज्यांचं काम लिहिण्या-वाचण्याचं, हिशेबाचं, अभ्यासाचं आहे, आणि जे ठरलेल्या रकमेत नव्या बॅटरीचा खर्च आधीच धरू शकतात, त्यांनी जरूर घ्यावा. बॅटरी चिकटवून बसवलेल्या अतिपातळ मॉडेलांच्या बाबतीत हेच सांगायला मी धजणार नाही. तिथे बदलणं किचकट असतं. आणि जिथे विक्रेता बॅटरीची लेखी हमी देतो, तिथे यंत्र थोडं महाग असलं तरी तेच घ्यावं असं माझं मत आहे.

विचारताना 'बॅटरी कशी आहे?' असं विचारू नका, त्याला उत्तर 'चांगली आहे' हेच येतं. असं लिहा: 'मला जे यंत्र पाठवणार आहात त्याच यंत्राच्या बॅटरी अहवालाचा फोटो पाठवा. त्यात डिझाइन कपॅसिटी, फुल चार्ज कपॅसिटी आणि सायकल काउंट दिसला पाहिजे. बॅटरी बदललेली असेल तर ती मूळ की कंपॅटिबल तेही कळवा.' अहवाल काढायला त्यांना मिनिटभर लागतं. ८० टक्क्यांच्या वर आकडा आला तर निश्चिंत घ्या, ६० ते ८० मध्ये आला तर किंमत कमी करून मागा, आणि त्याखाली असेल तर नव्या बॅटरीची किंमत वजा करूनच व्यवहार करा. फोटो पाठवायला टाळाटाळ झाली, तर दुसरा विक्रेता बघा.